छत्रीवाल्याचे बेचाळीस दिवस

शनिवारची सकाळ होती. अबेना फ्रेमा अंगणात चुलीपाशी बसून मक्याची आंबट पेज ढवळत होती, मी तिच्यासमोर शेंगा सोलत होते, आणि तिचा नवरा क्वाकू आसेन्सो आंब्याखाली खाटेवर पोटाशी उशी धरून पडला होता. उशी कशासाठी, तर खोकला, शिंक किंवा हसू आलं की आधी ती घट्ट दाबायची आणि मग काय ते करायचं, असं इस्पितळातून बजावून पाठवलं होतं. हर्नियाच्या ऑपरेशनला नऊ दिवस झाले होते. खोकला नव्हता, शिंकही नव्हती. पण आसेन्सोला हसू फार लवकर येतं, म्हणून फ्रेमाने त्यांचा रेडिओ भिंतीपलीकडे माझ्या घरी आणून ठेवला होता.

तेवढ्यात फाटकावर ठक ठक ठक झालं. हाताने वाजवलेलं नव्हे, काठीने. पाठोपाठ आवाज आला, "आगोऽ."

"आमे," फ्रेमाने बसल्या जागेवरून उत्तर दिलं, म्हणजे या. पण फाटकाला आतून कडी होती, आणि काठीचा आवाज राजवाड्याचा होता. आसेन्सोने पाय खाटेखाली सोडलेसुद्धा.

"पडून राहा. मी उघडते," फ्रेमा म्हणाली.

"तू उघडलंस तर मी मेलो असं समजतील," असं म्हणून तो उशी पोटाशी धरून निघाला. खाटेपासून फाटक बावीस पावलं आहे. मी कधी मोजली नव्हती, त्या महिन्यात मोजली.

बाहेर बोआतेन उभा होता, हातात सोन्याच्या मुलाम्याची काठी, मागे दरबारातले दोन म्हातारे. बोआतेन म्हणजे आमच्या ओदुमक्रोमच्या राजांचा, नानांचा, वक्ता. नाना चारचौघांत कोणाशी थेट बोलत नाहीत. ते पुटपुटतात आणि बोआतेन मोठ्याने सांगतो. आपण नानांपासून हातभर अंतरावर बसलेलो असलो तरी आपलं म्हणणं बोआतेनलाच सांगायचं, मग तो ते नानांना सांगणार. तीस वर्षं हेच केल्यामुळे त्याची बायको म्हणते, घरी मीठ हवं असलं तरी हा कोणाच्या तरी वतीनेच मागतो.

पाहुणे बसले. आता रीतीप्रमाणे यजमानाने उजवीकडून सुरुवात करून एकेकाचा हात हातात घ्यायचा, पाणी द्यायचं आणि मग कामाचं विचारायचं. आसेन्सोने तिघांपुढे वाकून हात मिळवले. प्रत्येक वाकण्याला फ्रेमा पेजेत डाव जरा जोरात आपटत होती. मग खाटेच्या कडेवर टेकून, घाम पुसत तो ठरलेलं वाक्य बोलला, "इकडे सगळं निवांत आहे. वाट तुम्ही तुडवलीत, तुम्ही सांगा."

नानांनी तब्येत विचारली आहे, बोआतेनने सांगितलं. तब्येत बरी आहे, आसेन्सो म्हणाला. हे ऐकून नानांना बरं वाटेल, बोआतेन म्हणाला, आणि तब्येत बरीच आहे म्हटल्यावर सहज आठवलं म्हणून सांगतो, पंधरा दिवसांनी अदाएचा रविवार आहे.

अदाए म्हणजे पूर्वजांचा दिवस. त्या दिवशी नाना राजवाड्यातून पटांगणापर्यंत चालत येतात, ढोल वाजतात, आजूबाजूच्या गावांचे राजे भेटीला येतात. नाना उघड्या उन्हात येऊ शकत नाहीत. त्यांच्या डोक्यावर लाल मखमलीची, झालरीची मोठी छत्री लागते. एखाद्या लहानशा खोलीएवढी ती असते, आणि ती नुसती धरायची नसते, नाचवायची असते. ढोलाच्या ठेक्यावर वर, खाली, अर्धा गोल फिरवून पुन्हा वर. नाचली तर झालर हलते, झालर हलली तर नानांना वारा लागतो. ही छत्री आसेन्सोच्या आजोबांनी धरली, वडिलांनी धरली, आणि आता बारा वर्षं आसेन्सो धरतो आहे. या बारा वर्षांत नानांना चारचौघांत एकदाही घाम पुसावा लागलेला नाही, हे आसेन्सो कोणी विचारलं नाही तरी सांगतो.

त्याच छत्रीने त्याला हर्निया दिला. गेल्या वर्षी पहिलं ऑपरेशन झालं आणि बाराव्या दिवशी शेजारच्या गावच्या राजाची अंत्ययात्रा निघाली. आसेन्सो गेला. ढोलाच्या तिसऱ्या थापेला आत काहीतरी सुटलं, आणि दुपारच्या जेवणापर्यंत कोंबडीच्या अंड्याएवढा फुगवटा पुन्हा जागेवर हजर. आता दुसऱ्यांदा शिवताना डॉक्टरीणबाईंनी फ्रेमाला बाजूला घेऊन सांगितलं होतं की, सहा आठवडे पूर्ण विश्रांती. तिसऱ्यांदा फाटलं तर शिवायला धड कापड उरणार नाही. घरी आल्यावर फ्रेमाने एका सुतळीला बेचाळीस गाठी मारून ती आंब्याच्या फांदीला टांगली. रोज सकाळी चूल पेटवण्याआधी ती एक गाठ सोडायची.

आसेन्सो पोटासाठी पंचायतीच्या कचेरीत शिपाई आहे. तिथे रजा चहा निवायच्या आत मिळाली. साहेबांनी डॉक्टरांचा कागद पाहिला, सही केली, मान वर करून बघितलंसुद्धा नाही. फायलींना ऊन लागत नाही, त्या थांबतात. पण छत्रीची रजा गावात कोणी कधी मागितलीच नव्हती. आसेन्सोच्या वडिलांनी आयुष्यात एकच दिवस सुट्टी घेतली, ते गेले त्या दिवशी, आणि त्यांच्या अंत्ययात्रेलाही छत्री होतीच. तरी ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात आसेन्सो रीतीप्रमाणे दारूची बाटली घेऊन राजवाड्यात गेला होता आणि बोआतेनमार्फत सहा आठवडे मागून आला होता. नानांनी मान हलवली होती.

"सहा आठवडे दिले होते ना?" फ्रेमा चुलीजवळूनच म्हणाली.

"दिले ना," बोआतेन म्हणाला. "म्हणून तर आलो. ते अदाएला संपतात."

मग त्याने जे समजावलं ते मी सगळ्या शेंगा सोलून होईपर्यंत ऐकलं, आणि त्यात मला कुठे चूक दाखवता येईना. आमच्याकडे एका मोठ्या अदाएपासून दुसऱ्या अदाएपर्यंत बरोबर सहा आठवडे असतात. राजवाड्याला सहा आठवडे म्हटलं की एवढंच ठाऊक, अदाए ते अदाए. अमक्या गुरुवारपासून सहा आठवडे असला प्रकार तिथे नाही. एका म्हाताऱ्याने बोटांवर मोजून दाखवलं. मागची अदाए गेली, पुढची येणार, मध्ये सहा आठवडे. ते आसेन्सोला दिले.

"पण मागच्या अदाएनंतर अठरा दिवस माझं पोट कापलंच नव्हतं," आसेन्सो म्हणाला. "मी कचेरीत फायली वाहत होतो."

"तू सुट्टीत काम केलंस," म्हातारा म्हणाला, "त्यात दरबाराचा काय दोष?"

आसेन्सोने उशी दाबली. त्याला हसू आलं होतं. फ्रेमाला आलं नव्हतं. तिने पाहुण्यांना पेज वाढली, कारण वाढायची असते, आणि वाढता वाढता सांगितलं की, बाबा, सुरी ज्या दिवशी लागली त्या दिवसापासून मी मोजते. माझ्या सुतळीवर तेहतीस गाठी आहेत. बोआतेनने सुतळीकडे आदराने पाहिलं आणि हे म्हणणं नानांना सांगतो म्हणाला. निघताना रीतीप्रमाणे आसेन्सोने त्यांना फाटकापर्यंत पोचवलं. पुन्हा बावीस पावलं.

चार दिवसांनी पुन्हा काठी वाजली. या वेळी तोडगा निघाला होता. छत्री दुसरा कोणीतरी धरेल, आसेन्सोने फक्त शिकवायचं, तेही खाटेवरून. दुसरा म्हणजे टायरचं पंक्चर काढणारा ताची. ताची कपाटाएवढा आहे, स्वभावाने गरीब, आणि घरी येताच त्याने आसेन्सोला वाकून नमस्कार केला, म्हणून आसेन्सोही उठला. मग ताचीने आणि दोघा म्हाताऱ्यांनी मिळून ती मखमलीची छत्री अंगणातल्या आंब्याखाली उघडली आणि पहिल्याच फटक्यात दोन फांद्या खाली आल्या.

ताचीच्या अंगात जोर होता, पण जन्मभर त्याने एकच गोष्ट वरखाली केली होती, ती म्हणजे हवेचा पंप. छत्री हातात आली की तो खाली जोर लावायचा, आणि वर मात्र ती आपली आपण येईल म्हणून वाट पाहायचा. आसेन्सो खाटेवरून सांगत होता, वर ने, वर, मनगटाने फिरव, राजाच्या डोक्यावर आहे, ट्रकच्या चाकात नाही. ताची म्हणाला, काका, हवा भरली की नाही ते कळणार कसं? आसेन्सोने उशी पोटावर दाबली, तोंड कापडात खुपसलं आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत गदगदत राहिला. फ्रेमाने मुसळ उचललं. ती कोणाला मारणार नव्हती, पण ताची छत्री मिटायला विसरून तशीच घेऊन फाटकाबाहेर पळाला, आणि फाटकाची एक फळी त्याच्याबरोबर गेली.

त्या संध्याकाळी ती आसेन्सोची बेंबी आणि मांडी यांच्या मधली जागा बोटांनी हळूच चाचपत होती. अंड्याएवढा फुगवटा नव्हता. ती मला म्हणाली, "या माणसाला आजाराने नाही, भेटीला येणाऱ्यांमुळे काही झालं तर मी कोणाच्या नावाने रडू?"

तिसऱ्यांदा काठी वाजली ती अदाएच्या आदल्या दिवशी. आसेन्सो पुन्हा उठला. बोआतेनच्या हातात डॉक्टरीणबाईंच्या कागदाची नक्कल होती, कचेरीतून आणलेली. त्याने ती न्यायाधीशासारखी वाचली. वजन उचलू नये. जिने चढू नये. लांब चालू नये. "याला वाहून नेऊ नये, असं यात कुठे आहे?" त्याने विचारलं.

म्हणणं असं होतं की, छत्री आसेन्सोच्या हाताला सवयीची आहे, तो जवळ असला तरी पुरे. त्याने धरायची नाही, नाचवायची नाही, फक्त बसायचं. सामान वाहायची तीनचाकी असते ना, आम्ही अबोबोया म्हणतो, तिच्यावर खुर्ची ठेवू, छत्री त्या गाडीलाच बांधू, ताची शेजारी उभा राहून थोडीफार हलवेल. गाडी हळूहळू चालेल आणि नाना छत्रीखालून बरोबर चालतील.

फ्रेमाने नाही म्हटलं. तिने तीनदा नाही म्हटलं. मग आसेन्सो पहिल्यांदाच तिच्याकडे न बघता म्हणाला, "अगं, मी नुसता बसणार. बारा वर्षांत नानांनी कधी घाम पुसलेला नाही."

हे ऐकल्यावर तिने दोन अटी घातल्या. गाडी माणसाच्या चालीपेक्षा जोरात जायची नाही, आणि मोठी छत्री नानांच्या डोक्यावर राहणार, मग यांच्या डोक्यावर ऊन येणार, म्हणून यांना दुसरी छत्री हवी, ती मी धरणार.

अशा रीतीने अदाएच्या रविवारी ओदुमक्रोमच्या रस्त्यावरून जे निघालं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पुढे ढोल. मागे अबोबोया फटफट करत. तिच्यावर शाळेतून आणलेली हातांची उंच खुर्ची, खुर्चीत आसेन्सो, नवीन कापड नेसलेला, मांडीवर उशी. शेजारी फ्रेमा बाजारातली पिवळी छत्री त्याच्या डोक्यावर धरून. मागच्या कोपऱ्याला मखमलीची छत्री काथ्याने आवळलेली, तिचा दांडा धरून ताची. आणि तिच्या सावलीत, गाडीच्या धुरात, आमचे नाना पायी.

पटांगणात पाहुणे राजे रांगेत बसले होते. आता सांगा, त्यांची काय चूक? उंच आसनावर एक माणूस येतो आहे, त्याच्या डोक्यावर एक बाई छत्री धरून उभी आहे, मांडीवर उशी आहे, आणि मागून कोणीतरी चालत येतो आहे. पलीकडच्या गावचे नवे राजे, महिन्यापूर्वीच गादीवर आलेले, ते चटकन उठले, चपला काढल्या, खांद्यावरचं कापड खाली घेतलं आणि आसेन्सोपुढे वाकले.

ढोल थांबले. आसेन्सोला उठून त्यांच्यापुढे वाकायचं होतं, फ्रेमाने खांदा दाबून त्याला बसवलं. त्यामुळे तो आणखीच राजासारखा दिसू लागला. त्याने केविलवाण्या नजरेने मागे नानांकडे पाहिलं. नानांनी कापडाचं टोक तोंडाला लावलं होतं आणि त्यांचे खांदे हलत होते. बोआतेन त्यांचा एकेक शब्द तीस वर्षं लोकांना सांगत आला होता, पण हे कसं सांगायचं ते त्याला कळेना. तो नुसताच घसा साफ करत राहिला.

नानांचे खांदे बघून आसेन्सोचेही हलायला लागले. त्याने उशी दाबली. ताचीला वाटलं, ही खूण आहे, नाचव म्हणून. त्याने सगळा जोर लावून दांडा खाली दाबला. काथ्या सुटला, गाडीने उसळी घेतली आणि छत्री नानांच्या डोक्यावर कलली. आसेन्सोचा उजवा हात आपसूक मागे गेला. त्याने बसल्या बसल्या दांडा धरला, मनगट फिरवलं, छत्री सरळ केली. एकदाच. झालर थरथरली, लोकांच्या तोंडून आ निघाला. अगदी सुंदर झालं ते.

मग आसेन्सोचा चेहरा राखेसारखा झाला.

फ्रेमाने पिवळी छत्री टाकून दिली. सगळ्या राजांसमोर तिने नवऱ्याच्या कापडाची निरी सोडली आणि पोटावर हात ठेवला. "इथे दुखतंय? इथे?" ती गाडीवाल्याकडे वळून म्हणाली, "इस्पितळात ने. हळू ने."

गाडी वळली. छत्री गाडीवर होती, आता ताचीने दांडा दोन्ही हातांनी कवटाळून धरला होता आणि सोडायला तयार नव्हता. आणि नाना छत्रीखालून बाहेर येऊ शकत नव्हते. अदाएच्या दिवशी उघड्या उन्हात राजा? गाडी निघाली तसे नाना तिच्याबरोबर निघाले. नाना निघाले म्हणून बोआतेन निघाला, बोआतेन निघाला म्हणून ढोलवाले, आणि ढोल निघाले म्हटल्यावर पाहुणे राजे, त्यांच्या छत्र्या, त्यांचे वक्ते, सगळेच निघाले. थांबून काय करणार होते? मी फ्रेमाची पिवळी छत्री उचलून मागे धावले.

इस्पितळाच्या फाटकात एका वेळी सहा मखमली छत्र्या पहिल्यांदाच आल्या असतील. डॉक्टरीणबाई हातात मोजे चढवतच बाहेर आल्या. त्यांनी आसेन्सोला आत नेऊ दिलं, बाकी कोणाला नाही. फ्रेमा पायरीवर बसली. बोटांनी ती कापडाच्या काठाला गाठी मारत होती आणि सोडत होती. नाना अंगणात गाडीपाशी, छत्रीखाली उभे. ताचीचे हात थरथरत होते, पण छत्री हलत नव्हती, आणि नानांच्या कानाशेजारून घाम ओघळत होता. तो त्यांनी सगळ्यांदेखत पुसला.

बाई बाहेर आल्या आणि थेट नानांशी बोलायला लागल्या. बोआतेन मध्ये आला. त्या थांबल्या नाहीत, म्हणून त्याने त्यांचं प्रत्येक वाक्य नानांना पुन्हा सांगायला सुरुवात केली, हातभर अंतरावरून, त्याच भाषेत.

"आतले टाके टिकले आहेत," बाई म्हणाल्या.

"टाके टिकले आहेत असं म्हणतात," बोआतेनने सांगितलं.

"या वेळी नशीब. सहा आठवडे मी कापलं त्या दिवसापासून. अजून अठरा दिवस आहेत. त्यात हा माणूस खाटेवरून उठला तर मला बोलावू नका, शवपेटी करायला सुताराला बोलवा."

बोआतेनने हेही सांगितलं, फक्त सुतार हा शब्द जरा हळू उच्चारला.

नानांनी फ्रेमाकडे पाहिलं. मग ते पुटपुटले. बोआतेनने काठी जमिनीवर आपटली आणि जाहीर केलं की, दरबार अठरा दिवस देत आहे, सुरी लागली त्या दिवसापासून धरून. शिवाय आसेन्सोने आज छत्री सावरली, म्हणून त्याने काहीही मागावं. मेंढी मागावी, कापड मागावं, शेताचा तुकडा मागावा. दरबार नाही म्हणणार नाही.

आसेन्सोला त्यांनी तोवर चाकांच्या खाटेवरून दारापर्यंत आणलं होतं. उशी पोटावर होती. पाहुणे राजेही पुढे सरकले. एक म्हातारा मला हळूच म्हणाला, जमीन मागेल, वडिलांना द्यायची अर्धी राहिली आहे ना.

आसेन्सोने आधी बायकोकडे पाहिलं. मग बोआतेनकडे, कारण सांगायचं त्याच्यामार्फतच होतं.

"नानांना सांगा," तो म्हणाला, "अठरा दिवस आमचं फाटक वाजवू नका."